एकच पाकीट, दोन निकाल : शाळेतल्या छळाविरुद्ध नॉर्वेने काय केलं

१९८२ सालच्या अखेरीस उत्तर नॉर्वेतल्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. तिघंही दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यानचे. बरोबरीची मुलं त्यांना सतत छळत होती आणि बहुधा त्यालाच कंटाळून त्यांनी हे पाऊल उचललं, असं वर्तमानपत्रांनी छापलं. आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचितच असतं, हे खरं. पण चाळीस लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या त्या देशात, म्हणजे आजच्या आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी माणसांत, ही बातमी प्रत्येक घरात पोहोचली. काही महिन्यांत शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की १९८३च्या शरद ऋतूत देशातल्या सर्व प्राथमिक आणि निम्न माध्यमिक शाळांमध्ये छळविरोधी मोहीम राबवली जाईल.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. काहीतरी भयंकर घडतं, हळहळ होते, मग परिपत्रक निघतं. नॉर्वेचं प्रकरण अभ्यासावं असं झालं ते पुढच्या एका गोष्टीमुळे. मोहीम सुरू होण्याआधी छळ किती आहे हे मोजलं गेलं आणि नंतर पुन्हा मोजलं गेलं. तेही दोन वेगवेगळ्या भागांत, दोन वेगवेगळ्या संशोधकांनी. साहित्य तेच, सरकार तेच, साल तेच. एका भागात छळ निम्म्यावर आला आणि दुसऱ्यात कमी तर झालाच नाही, उलट किंचित वाढला. मुलांच्या छळाबद्दल 'जागृती' करणाऱ्या प्रत्येकाने या तफावतीपाशी जरा थांबायला हवं, असं मला वाटतं.

आधीचं चित्र

मोहिमेचा बौद्धिक कणा होता दान ओल्वेउस हा मानसशास्त्रज्ञ. मूळचा स्वीडनचा, नंतर नॉर्वेतल्या बर्गन शहरात स्थायिक झालेला. या विषयावरचं त्याचं स्वीडिश पुस्तक १९७३ सालीच आलं होतं. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, पेटर-पाउल हाइनेमान या स्वीडनमधल्या डॉक्टरने शाळेच्या मैदानावर मुलांचा घोळका एकट्या मुलावर कसा तुटून पडतो, याकडे लोकांचं लक्ष वेधलं होतं. ओल्वेउसला मात्र हे घोळक्याचं चित्र पटत नव्हतं. घोळका अचानक जमतो, भडकतो आणि विखुरतो. शाळेत जे चालतं ते तसं नसतं, असं त्याचं म्हणणं. तिथे ठरलेली दोन-तीन मुलं असतात, ठरलेला एक बळी असतो, आणि मोठ्यांनी काही केलं नाही तर हे वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं.

त्याने केलेली व्याख्या आज जगभर वापरली जाते. त्रास देण्याचा हेतू, तो त्रास पुन्हा पुन्हा होणं, आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असणं. यातली तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. क्रिकेटच्या मैदानात 'आउट' की 'नॉट आउट' यावरून दोन बरोबरीची पोरं एकमेकांची कॉलर धरतात, ते भांडण. एकाला रोज मधल्या सुट्टीत पाचजण अडवतात, डबा काढून घेतात, 'ढापण्या' म्हणून चष्मा लांब फेकतात, आणि त्याने काहीही केलं तरी तो हरणारच असतो, तो छळ. भांडणात समेट घडवता येतो. छळात समेट घडवायला गेलं की काय होतं, ते पुढे येईल.

१९८३ साली नॉर्वेभरातल्या ७१५ शाळांमध्ये निनावी प्रश्नावली भरून घेतली गेली. एक लाखाहून अधिक मुलांनी ती भरली. त्यातून दिसलं की सुमारे १५ टक्के मुलं या प्रकारात अधूनमधून किंवा त्याहून जास्त वेळा गुंतलेली होती. साधारण ९ टक्के बळी म्हणून, ७ टक्के छळणारी म्हणून, आणि थोडी दोन्ही बाजूंना. सगळ्या देशाचा हिशोब केला तर ही संख्या ८४ हजारांच्या घरात जात होती.

आकड्यांपेक्षा रंजक होते ते मोडीत निघालेले समज. वर्ग मोठा, शाळा मोठी, म्हणून छळ जास्त, असं सगळे मानत होते. तसा संबंध आढळला नाही. घरून शाळेत जाण्यायेण्याच्या वाटेवर मुलं सापडतात, शाळेचा काय दोष, असं शाळा म्हणत होत्या. प्रत्यक्षात वाटेपेक्षा शाळेच्या आवारातच छळ कितीतरी जास्त होत होता, आणि सुट्टीत मैदानावर जितके शिक्षक जास्त तितका तो कमी होता. लहान वर्गांतल्या बळींपैकी निम्म्याहून अधिकांना त्रास देणारी मुलं वरच्या वर्गांतली होती. 'दादागिरी करणारा मुलगा आतून घाबरट असतो, त्याला न्यूनगंड असतो' ही आवडती समजूतही टिकली नाही. ओल्वेउसच्या अभ्यासात ही मुलं स्वतःबद्दल सरासरी किंवा त्याहून चांगलं मत बाळगून होती. त्यांना दुसऱ्यावर हुकूमत गाजवायला आवडत होतं आणि त्यातून काही ना काही मिळत होतं. पैसे, वस्तू, भाव. पुढे त्यांचं काय होतं, हेही त्याने तपासलं. सहावी ते नववीत छळणारे म्हणून नोंदले गेलेल्या मुलांपैकी जवळपास ६० टक्क्यांना वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत निदान एका गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. म्हणजे वेळीच अडवणं हे त्या छळणाऱ्या मुलाच्याही हिताचं होतं.

आणखी एक निष्कर्ष होता, तो मी इथे जपूनच मांडतो. चष्मा, लठ्ठपणा, केसांचा रंग, बोलण्याची ढब यांमुळे मुलं बळी पडतात, असं मुलं आणि शिक्षक दोघंही सांगत. पण अशी 'वेगळी' लक्षणं बळी नसलेल्या मुलांतही तितकीच सापडली. फरक होता तो शारीरिक ताकदीत, आणि सावध, अबोल, चटकन रडू येणाऱ्या स्वभावात. लक्षण हे निमित्त असतं, कारण नसतं, असा याचा अर्थ. मात्र हे ऐंशीच्या दशकातल्या, बऱ्याच अंशी एकजिनसी असलेल्या समाजातलं निरीक्षण आहे. आडनावावरून जात ओळखणाऱ्या, वर्णावरून नावं ठेवणाऱ्या, घरची बोली वर्गात निघाली की हसणाऱ्या आपल्या शाळांना ते जसंच्या तसं लावणं भाबडेपणाचं होईल. आपल्याकडे निमित्त कुठे संपतं आणि कारण कुठे सुरू होतं, हे इतक्या सहज सांगता येत नाही.

मोठ्यांबद्दलची उत्तरं मात्र कुठल्याही देशाला लाज आणणारी होती. प्राथमिक शाळेतल्या छळ सोसणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के, आणि त्यावरच्या वर्गांत जवळपास ६० टक्के मुलांनी लिहिलं की शिक्षक हे थांबवायचा प्रयत्न क्वचित करतात किंवा जवळजवळ कधीच करत नाहीत. वय वाढलं तसं घरी याबद्दल बोलणंही कमी झालेलं होतं.

पाकिटात काय होतं

सरकारने तयार केलेला संच साधा होता. शिक्षकांसाठी ३२ पानी पुस्तिका, आणि शाळेत जाणारं मूल असलेल्या प्रत्येक घरासाठी चार पानी पत्रक. दहा वर्षांचा एक मुलगा आणि चौदा वर्षांची एक मुलगी यांच्या रोजच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारी २५ मिनिटांची व्हिडिओ कॅसेट. आणि ती निनावी प्रश्नावली. एवढंच. हे सगळं देशभर उपलब्ध झालं.

पुस्तिकेतला आग्रह शाळेचं वातावरण बदलण्यावर होता. मोठ्यांकडून जिव्हाळा आणि लक्ष, न चालणाऱ्या वागणुकीला ठाम सीमा, सीमा ओलांडली तर दरवेळी परिणाम, आणि तो परिणाम मारहाणीचा किंवा अपमानाचा नाही. म्हणायला सोपं. यातला 'दरवेळी' हा शब्दच शाळांना जड जातो.

बर्गन

बर्गन परिसरातल्या ४२ शाळांमधली चौथी ते सातवीची, साधारण ११ ते १४ वयाची सुमारे अडीच हजार मुलं ओल्वेउसने निवडली. पहिली मोजणी मोहिमेच्या चार महिने आधी, मे-जून १९८३ मध्ये. पुढच्या दोन मे १९८४ आणि मे १९८५ मध्ये. देशभर मोहीम असल्यामुळे तुलनेसाठी 'मोहीम नसलेल्या' शाळा मिळणं शक्य नव्हतं. शिवाय मुलं मोठी होत जातात तसं बळी पडण्याचं प्रमाण आपोआपच घटतं. म्हणून त्याने एकाच वयाच्या मुलांची तुलना केली : मोहिमेआधीची सहावी एका बाजूला, आणि वर्षभर मोहीम अनुभवून आता सहावीत आलेली मुलं दुसऱ्या बाजूला.

छळ सोसणाऱ्यांचं आणि छळणाऱ्यांचं प्रमाण दोन वर्षांत सुमारे निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटलं. दुसऱ्या वर्षी परिणाम पहिल्या वर्षापेक्षा ठळक होता. शाळेत दाबलेला छळ शाळेबाहेरच्या वाटेवर सरकला असेल, अशी शंका येणं साहजिक होतं. तसं झालेलं दिसलं नाही. तोडफोड, मारामाऱ्या, चोऱ्या आणि शाळा बुडवणं हेही कमी झालं. आणि सुट्टीची वेळ आवडते असं म्हणणारी मुलं वाढली. माझ्या लेखी हे शेवटचं निरीक्षण साऱ्या टक्केवारीपेक्षा जास्त बोलतं. छळ सोसणाऱ्या मुलाला गणिताचा तास नको असतो असं नाही, त्याला घंटा नको असते.

सगळ्या वर्गांत सारखाच फरक पडला नाही. ज्या शिक्षकांनी वर्गाचे नियम ठरवले, दर आठवड्याला वर्गाची बैठक घेतली, प्रसंग करून पाहायला लावले, त्यांच्या वर्गांत घट जास्त होती. पुस्तिका कपाटात ठेवणाऱ्यांच्या वर्गांत कमी. शिवाय साधारण पंधरा महिन्यांनी ओल्वेउसचा गट प्रत्येक शाळेत गेला आणि शिक्षकांसमोर दोन तास बसून त्या शाळेचे स्वतःचे आकडे मांडले. तुमच्या शाळेत इतक्या मुलांना त्रास होतो, इतरांच्या तुलनेत तुम्ही इथे आहात, आता काय करायचं?

रोगालांड

बर्गनच्या दक्षिणेला रोगालांड हा प्रांत आहे. स्टावांगर त्याचं मुख्य शहर. तिथे एर्लिंग रोलान या संशोधकाने ३७ शाळांची मोजणी केली होती, आणि तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, तो पुन्हा गेला. संच तोच होता. घराघरात गेलेलं पत्रकही तेच. पण मधल्या काळात या शाळांकडे कोणी फिरकलं नव्हतं. ना सल्ला, ना आकड्यांची चर्चा. साहित्य मिळालं आणि पुढचं ज्याचं त्याने बघायचं, असं झालं. देशातल्या बहुतेक शाळांची स्थिती खरं तर अशीच होती, त्यामुळे 'सर्वसाधारण' निकाल म्हणायचा तर तो बर्गनचा नव्हे, रोगालांडचा.

तिथे एकूण प्रमाण घटलेलं आढळलं नाही. मुलग्यांमध्ये तर ते थोडं वाढलेलं दिसलं. पण ज्या शाळांनी साहित्य मनावर घेऊन वापरलं, त्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी होती.

दोन्ही अभ्यासांची पद्धत वेगळी, मोजणीचा हंगाम वेगळा, मधला काळ वेगळा. म्हणून त्यांची थेट तुलना करू नये, असं ओल्वेउसने नंतर मांडलं, आणि ते चूक नव्हतं. तरीही दोन्हीकडून एकच धागा हाती येतो. पत्रकाने छळ कमी होत नाही. ते वाचून शाळेतल्या मोठ्या माणसांनी स्वतःच्या दिवसाचं वेळापत्रक बदललं, तर होतो. जागृती वाढली आणि कृती झाली नाही, तर मुलांना एक नवीनच धडा मिळतो : सरांना, बाईंना आता सगळं माहीत आहे, आणि तरीही काही होत नाही. छळणाऱ्याला याहून मोठी मोकळीक कोणती?

मुलांना काय शिकवलं

मुलांसाठीचे वर्गनियम तीनच होते. आम्ही कोणाला छळणार नाही. कोणाचा छळ होत असेल तर त्याला मदत करायचा प्रयत्न करू. जे सहज एकटे पडतात त्यांना आमच्यात घेऊ. पुढे यात चौथा नियम आला : छळ दिसला तर शाळेतल्या एका मोठ्या माणसाला आणि घरातल्या एकाला सांगू.

पहिला नियम छळणाऱ्यासाठी वाटतो, पण उरलेले सगळे बघ्यांसाठी आहेत हे लक्षात घ्या. फिनलंडमध्ये क्रिस्तिना साल्मिवाली यांनी १९९६ साली दाखवलं की वर्गातल्या बहुतेक मुलांची छळात काही ना काही भूमिका असते. कोणी साथ देतो, कोणी हसून हवा भरतो, कोणी मान वळवतो, थोडे मध्ये पडतात. कॅनडात शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून झालेल्या अभ्यासात, एखादं मूल मध्ये पडलं की निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबताना दिसला. पण मुलं मध्ये पडतात फार क्वचित. मध्ये पडलो तर उद्या आपला नंबर, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून 'धाडसी बना' असं नुसतं सांगण्यात अर्थ नसतो. वर्गाच्या बैठकीत प्रसंग करून पाहायला लावणं याचसाठी. न हसणं, बळी पडलेल्याला 'चल, आपल्या डब्यात बस' म्हणणं, शिक्षकांना बोलावून आणणं, यातलं आपल्याला काय जमेल हे मुलाला अंगाने कळतं. गोल बसून ही चर्चा होते तेव्हा आणखी एक घडतं. छळणाऱ्याला कळतं की आपल्याबरोबर हसणारे हे खरं तर आपल्या बाजूचे नाहीत.

आता समेटाचं. आपल्या शाळेतलं नेहमीचं दृश्य असं : तक्रार आली की दोघांना ऑफिसात बोलवायचं, 'काय झालं सांगा' म्हणायचं, मग दोघांनाही दोन शब्द सुनवायचे आणि हात मिळवायला लावायचा. ओल्वेउसच्या कार्यक्रमात नेमकं हेच टाळायला सांगितलं आहे. छळणाऱ्यांना एकेकटं, पाठोपाठ बोलवायचं, म्हणजे आपापसांत गोष्ट ठरवायला वेळ मिळत नाही. 'का केलंस?' या प्रश्नात अडकायचं नाही, कारण त्याला उत्तर तयार असतं, 'गंमत करत होतो'. हे इथे चालत नाही, थांबलंच पाहिजे, आणि आम्ही लक्ष ठेवून आहोत, एवढं सांगायचं. बळी पडलेल्याशी वेगळं बोलायचं, त्याला काय हवंय ते विचारायचं, आणि उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचं. दोघांना समोरासमोर बसवलं की कमजोर मूल मोठ्यांच्या देखत खोटं बोलतं, 'नाही सर, मस्करी होती'. त्या क्षणापासून त्याची तक्रार करण्याची वाटही बंद होते.

घरचा सल्लाही तपासून पाहायला हवा. 'रडत काय येतोस, तूही एक ठेवून दे' हे वडिलांचं वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. बरोबरीच्या भांडणात कदाचित चालून जाईल. पण ताकदीचा फरक हीच जिथे छळाची व्याख्या, तिथे हा सल्ला म्हणजे हरणाऱ्याला पुन्हा हरायला पाठवणं. आणि त्यात एक छुपा निरोप असतो : यापुढे सांगायला येऊ नकोस. मुलं तो निरोप बरोबर ओळखतात. आईचं 'तू लक्षच देऊ नकोस' हे वाक्य मऊ आहे, पण निरोप तोच. मुलाला उपयोगी पडतात त्या छोट्या गोष्टी : सुट्टीत कुठे उभं राहायचं, कोणाबरोबर, कोणत्या शिक्षकांना सांगायचं, काय शब्दांत सांगायचं. आणि पालकांनी छळणाऱ्याच्या घरी थेट फोन लावण्याआधी वर्गशिक्षकांकडे जाणं. दोन घरांत भांडण जुंपलं की मूल त्यात भरडतं.

एक प्रकार राहतो. ओल्वेउसने बळींचा एक छोटा गट वेगळा नोंदला होता. चंचल, चिडखोर, सगळ्यांना वैताग आणणारी मुलं. यांच्या बाबतीत शिक्षकही मनात म्हणतात, 'हाच ओढवून घेतो'. अशा मुलाला वागणं सुधारायला मदत हवी असते हे खरं, पण छळ थांबवण्याची ती पूर्वअट होऊ शकत नाही. शाळांची सगळ्यात मोठी परीक्षा या मुलांपाशी होते, आणि बहुतेक शाळा इथेच नापास होतात.

आक्षेप

बर्गनचा निकाल डोळे झाकून घेऊ नये. कार्यक्रम ज्याने रचला त्यानेच मोजला. मोजणी मुलांच्या स्वतःच्या उत्तरांवर उभी आहे. तीन मृत्यूंच्या धक्क्यानंतर देश हललेला असताना आलेला निकाल, शांत काळात तसाच येईलच असं नाही. अमेरिकेत तोच कार्यक्रम राबवला तेव्हा परिणाम फिका निघाला. मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी जगभरातल्या ४४ मूल्यमापनांचा एकत्र हिशोब मांडला, तेव्हा छळणाऱ्यांत सरासरी २० ते २३ टक्के आणि बळींत १७ ते २० टक्के घट दिसली. निम्मा नव्हे, पाचवा हिस्सा. आकडा छोटा वाटेल, पण कुठल्याही शाळेतल्या छळ सोसणाऱ्या पाच मुलांपैकी एकाची सुटका होणार असेल तर मी तो घेईन. त्याच हिशोबात परिणामाशी जोडल्या गेलेल्या गोष्टी पाहा : पालकसभा, ठाम शिस्त, मैदानावरची चांगली देखरेख, आणि कार्यक्रम किती दिवस, किती नेटाने चालला. मुलांवरच समेटाची जबाबदारी सोपवणाऱ्या योजना मात्र उलट वाढीशी जोडलेल्या आढळल्या. यावर तज्ज्ञांत वाद आहे. तरी 'मुलं आपापसांत मिटवतील' म्हणून हात झटकणाऱ्यांनी तो निदान वाचावा.

नॉर्वेतही १९८३नंतर सगळं आलबेल झालं नाही. मोहिमेची धग ओसरली तसे आकडे पुन्हा चढले. २००२ साली तिथल्या पंतप्रधानांनी छळविरोधी जाहीरनाम्यावर सही केली आणि कामाला पुन्हा सुरुवात झाली. २०१७ पासून तिथल्या शिक्षण कायद्याने शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्यावर कर्तव्यं घातली आहेत : लक्ष ठेवणं, मध्ये पडणं, मुख्याध्यापकांना कळवणं. पुढे शाळेने चौकशी करून लेखी योजना आखायची. मुलाला सुरक्षित वाटतं की नाही हे मुलाच्या अनुभवावरून ठरतं. आणि मुख्याध्यापकांना सांगूनही आठवडाभरात काही झालं नाही, तर मूल किंवा पालक थेट प्रांताच्या प्रशासनाकडे जाऊ शकतात.

आपल्याकडे

कायद्यात आपण अगदीच मागे नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रारीची चौकशी सात दिवसांत करण्याचं बंधन संस्थाप्रमुखावर आहे, आणि त्याने टाळाटाळ केली तर तोही त्या गुन्ह्याला मदत करणारा ठरतो. सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितलं. छळ सोसणाऱ्या मुलासाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. असे नंबर काही शाळांच्या भिंतीवर मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी लावलेले असतात. ज्या मुलाला त्यांची गरज आहे ते त्या दाराशी उभं राहून नंबर उतरवून घेणार नाही, हे लावणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्यापेक्षा सगळ्यांच्याच डायरीच्या पहिल्या पानावर छापावेत.

रोगालांडच्या वाटेने न जाता बर्गनच्या वाटेने जायचं असेल, तर एखाद्या मराठी शाळेला पैसा फारसा लागणार नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिले चार आठवडे जाऊ द्यावेत, मुलं एकमेकांना ओळखू लागली की एक पानाची निनावी प्रश्नावली द्यावी. गेल्या महिन्यात तुला कोणी त्रास दिला का, किती वेळा, कुठे, कोणाला सांगितलंस का. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून उत्तरं नुसत्या खुणांची असावीत आणि कागद वर्गशिक्षकांनी गोळा करू नयेत. 'कुठे' या प्रश्नासोबत शाळेचा हाताने काढलेला नकाशा द्यावा. मुलं त्यावर फुल्या मारतात, आणि त्या स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ, जिन्याखालची जागा, स्कूलबसची मागची बाकं अशा जागी पडतात. मग मधल्या सुट्टीची देखरेख त्या फुल्यांप्रमाणे लावावी. शिक्षकांचा चहा दहा मिनिटं पुढे-मागे होईल, त्यावर कुरकुर होईल, ती ऐकून घ्यावी. परिपाठात प्रतिज्ञेनंतर एखादा सुविचार कमी चालेल, पण आठवड्यातून एकदा वर्गाने गोल बसलंच पाहिजे.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत तक्रारी वाढतील. त्यावरून 'कार्यक्रम सुरू केला आणि शाळेचं नाव खराब झालं' असं संस्थाचालक म्हणतील. आधी न बोलणारी मुलं आता बोलू लागली आहेत, हे मुख्याध्यापकांनी पालकसभेतच सांगून ठेवावं. आणि वर्षाने पुन्हा मोजताना सातवीची तुलना पुढच्या वर्षीच्या सातवीशीच करावी. आठवीत गेलेल्या त्याच मुलांशी केली, तर नुसत्या वाढलेल्या वयाचं श्रेय शाळा स्वतःकडे घेऊन मोकळी होईल.